चमकोगिरी कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

गटाराचं झाकण बदललं तरी चौकात फ्लेक्स लागतो आणि त्याकडे बघून माणसं एकच शब्द उच्चारतात: चमकोगिरी. शब्द अचूक बसतो. पण हाच शब्द स्पर्धा परीक्षेत पास झालेल्या पोरीच्या अभिनंदनाच्या फलकालाही चिकटवला जातो, ग्रामसभेत वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचणाऱ्या सरपंचबाईंनाही, आणि स्वतःच्या भरतकामाचे फोटो स्टेटसला टाकणाऱ्या शेजारणीलाही. तिथे तो बसत नाही, तरी बसवला जातो. अलीकडे मराठीत रुळलेल्या शब्दांपैकी हा फार कामाचा शब्द आहे. तो अवतरणचिन्हांतून बाहेर काढून गंभीर लेखनात सरळ वापरावा, पण त्याची हद्द सांभाळून वापरावा. सगळेच चमको ठरवले की त्याचा सर्वांत जास्त फायदा खऱ्या चमकोंना होतो.

मराठीत बढाईला शब्द कमी नव्हते, मग नवा कशाला लागला? उत्तर जुन्या शब्दांच्या क्रियापदांत आहे. बढाई मारतात, फुशारकी मारतात, बाता मारतात, थापा मारतात. ही सगळी तोंडाची कामं. समोर ऐकणारा लागतो, आणि ऐकणारा उठून गेला की बढाई तिथेच संपते. दुसरा गट ‘मिरवण्या’चा. तोरा मिरवतात, शेखी मिरवतात, टेंभा मिरवतात. टेंभा म्हणजे मशाल. ती हातात धरून चालायचं तर निदान हातात काहीतरी असावं लागतं. विद्वत्तेचा टेंभा मिरवणाऱ्याकडे थोडीफार विद्वत्ता असते, घराण्याचा तोरा मिरवणाऱ्याकडे घराणं असतं. तिसरा गट आवाजाचा: टिमकी वाजवणं, डांगोरा पिटणं, डंका पिटणं. आणि ‘भाव खाणं’ तर उलट दिशेचं. भाव खाणारा मागे सरतो आणि लोकांना आपल्यामागे यायला लावतो. चमको कधीच मागे सरत नाही. त्याला बोलावलं नसलं तरी तो फोटोच्या वेळी हजर असतो.

चमकोगिरी मात्र ‘करतात’. मारत नाहीत, मिरवत नाहीत, वाजवत नाहीत. दादागिरी करतात, हमाली करतात, मुकादमी करतात, तशी चमकोगिरी करतात. म्हणजे बोलणाऱ्यांनी नकळत तिला स्वभावाच्या खात्यातून काढून धंद्याच्या खात्यात टाकलं आहे. फुशारकी हा माणसाचा दोष आहे, तर चमकोगिरी हा उद्योग आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, चार माणसं लागतात, कॅमेरा लागतो. फुशारकीला एक ऐकणारा पुरतो, चमकोगिरीला पुरत नाही.

‘-गिरी’ या प्रत्ययाकडे काही लोक नाक मुरडतात, जणू तो टपोरी भाषेतून आला आहे. मूळ फारसी असलेला हा प्रत्यय मराठीत फार जुना आहे आणि त्याने मोठी कामं केली आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठी फौजा निघत ती मुलूखगिरी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ज्या शब्दाचं पुस्तकाला नाव दिलं ती गुलामगिरी. आणि आजही सरकारी गोपनीय अहवालापासून क्रिकेटच्या वृत्तांतापर्यंत ज्यावाचून पान हलत नाही ती कामगिरी. कामगिरी आणि चमकोगिरी एकाच प्रत्ययाच्या आहेत, ही योगायोगाची पण फार सोयीची गोष्ट आहे.

व्याकरणही सरळ आहे. आकारान्त नाम या प्रत्ययापुढे बहुधा बदलतं: चमचा, पण चमचेगिरी, उचल्या, पण उचलेगिरी. नात्याचा शब्द बदलत नाही, म्हणून दादागिरी. ‘चमको’ ओकारान्त असल्याने तसाच राहतो. विशेषण म्हणून वापरला तर लिंग-वचनाने हलत नाही: चमको पुढारी, चमको मंडळी. नाम म्हणून वापरला तर प्रत्यय घेतो: चमकोंचा, चमकोंना. चमकोगिरी स्त्रीलिंगी, एकवचनी, आणि एका शब्दात लिहायची. मथळ्यांत ‘चमको गिरी’ असं तोडून छापतात ते चूक. ‘दादा गिरी’ कोणी तोडत नाही.

खरी गंमत मूळ धातूत आहे. ‘चमकणे’ हे मराठीत कौतुकाचं क्रियापद आहे आणि अजूनही तसंच आहे. क्रीडापानावर कोणी शतक ठोकलं की तो ‘चमकला’, शालान्त निकालात गावची मुलगी ‘चमकली’. इथे चमकणारा काही करत असतो, चमक त्यामागून येते. मग बोलीने त्याला ‘घेणे’ हे सहायक क्रियापद जोडलं: ‘चमकून घेतलं’. ‘घेणे’ लागलं की क्रियेचा लाभ कर्त्याच्या पदरात पडतो. जेवून घेतलं, झोपून घेतलं, आणि चमकून घेतलं. त्याच ‘घेणे’ने ‘पाठ थोपटली’ आणि ‘पाठ थोपटून घेतली’ यांत फरक पाडला आहे. चमकणं आपोआप घडतं, चमकून घेणं ठरवून होतं, आणि ठरवून, वारंवार, पद्धतशीर चमकून घेणं म्हणजे चमकोगिरी.

एवढ्यावर व्याख्या पूर्ण होत नाही. ठरवून चमकणारे नट असतात, गायक असतात, जाहिरातदार असतात. त्यांना कोणी चमको म्हणत नाही, कारण चमकणं हेच त्यांचं काम आहे. चमकोगिरीत आणखी एक गोष्ट लागते: काम दुसऱ्याचं, पैसा दुसऱ्याचा किंवा प्रसंग दुसऱ्याचा असतो आणि चौकटीत मधोमध चेहरा आपला असतो. ही कल्पना मराठीला नवी नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, आयत्या बिळावर नागोबा, या म्हणी याच वृत्तीवर बोट ठेवतात. नाम तेवढं नव्हतं. म्हणीने माणसाला टोमणा मारता येतो, पण म्हणीचं अग्रलेखात किंवा सभागृहातल्या भाषणात पदोपदी ओझं वाहता येत नाही. नाम लागतं. ते या शब्दाने दिलं.

‘श्रेय लाटणं’ हा वृत्तपत्रांचा आवडता वाक्प्रचार याच्या शेजारचा आहे, पण एक नाही. श्रेय बंद खोलीतही लाटता येतं. हाताखालच्याने रात्र जागून तयार केलेला अहवाल साहेब स्वतःच्या सहीने वर पाठवतात, बाहेर कोणाला कळतही नाही. ती चोरी आहे, चमकोगिरी नाही. आणि कधी श्रेय कोणाचंच हिरावलं जात नाही, तरी चमकोगिरी होते. रुग्णालयातलं फळवाटप घ्या. खाटेवर रुग्ण, त्याच्या हातात एक सफरचंद, आणि त्या सफरचंदाला सात जणांचे हात लागलेले. सातही जणांची नजर कॅमेऱ्याकडे. रुग्ण तेवढा त्या फळाकडे किंवा छताकडे बघतो आहे. ‘जरा इकडे बघा आजोबा,’ असं म्हटल्यावर तोही कॅमेऱ्याकडे बघतो, मग पुढची खाट. इथे कोणाचं श्रेय गेलं? कोणाचंच नाही. फळं बहुधा स्वतःच्या पैशांचीही असतील. वापरला गेला तो रुग्णाचा प्रसंग, त्याचं आजारपण, आणि ‘नको’ म्हणायची सोय नसलेली त्याची अवस्था. चमकोगिरीचा हा प्रकार मला फ्लेक्सपेक्षा वाईट वाटतो. फ्लेक्स निदान खांबाला बांधलेला असतो.

तरी या शब्दाचं माहेर फ्लेक्सच. त्याची रचना नीट पाहिली तर चमकोगिरीचे सगळे अवयव एका नजरेत येतात. समजा, दहा बाय वीस फुटांचा फलक आहे, म्हणजे २०० चौरस फूट. वरच्या पट्टीत गोल चौकटींत श्रेष्ठी, दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत उतरत्या भाजणीने. हा क्रम चुकला तर छापलेला फलक वाया जातो, म्हणून छपाईआधी मजकुरापेक्षा हीच पट्टी जास्त वेळा तपासली जाते. एका बाजूला उत्सवमूर्ती, हात जोडलेले, मूळ फोटोतली पार्श्वभूमी घाईने कापल्यामुळे खांद्याभोवती पांढरी कड. त्याखाली बिरुद: कार्यसम्राट, विकासपुरुष, किंवा कसलंही पद नसेल तर ‘भावी’. तळाला शुभेच्छुकांची रांग, आणि ज्याने खर्च उचलला त्याचा चेहरा तिथेही इतरांहून जरा मोठा. उरलेल्या जागेत काम. तेही एका ओळीत: ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून रस्ता डांबरीकरण’.

हे मोजता येतं. फलकाचा समोरून फोटो घ्या, त्यावर दहा उभ्या आणि दहा आडव्या पट्ट्यांची जाळी टाका, शंभर घरं होतील. चेहऱ्यांनी अर्धी किंवा त्याहून जास्त व्यापलेली घरं मोजा, मग नावं-बिरुदांची, मग माहितीची. माहिती म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर ‘विकासाचा झंझावात’ हेही कोणी माहितीत धरेल. रस्त्याच्या बाबतीत माहिती म्हणजे लांबी-रुंदी, मंजूर रक्कम, लेखाशीर्ष (पैसा सरकारच्या कुठल्या खात्यातला ते), ठेकेदाराचं नाव, कार्यादेशाची तारीख, काम पूर्ण करायची मुदत आणि दोषदायित्व कालावधी. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्या काळात खड्डा पडला तर तो ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो. नागरिकाच्या हातात खरोखर काही देणारी ही एकच ओळ, आणि फलकावर हीच ओळ हटकून नसते. शंभरपैकी माहितीची घरं किती भरतात, हे ज्याने त्याने आपल्या चौकात मोजून बघावं.

‘विशेष प्रयत्न’ हे शब्द तर सोडवून बघण्यासारखे आहेत. स्थानिक काम मार्गी लागायला लोकप्रतिनिधी काय करतो? प्रभागातून मागणी आली की पत्र देतो, प्रशासनाकडून अंदाजपत्रक तयार करून घेतो, अर्थसंकल्पात तरतूद व्हावी म्हणून भांडतो, सभागृहात किंवा समितीत ठराव आणतो, निविदा रखडली तर विचारणा करतो, कार्यादेश निघेपर्यंत फाइलमागे फिरतो. हे काम खरं आहे, कंटाळवाणं आहे, आणि ज्याने केलं त्याला त्याचं श्रेय मिळालंच पाहिजे. पण खऱ्या पाठपुराव्याला जावक क्रमांक, म्हणजे पाठवलेल्या पत्राचा नोंदक्रमांक असतो. पत्राची तारीख असते, ठरावाचा क्रमांक असतो. ज्याने प्रयत्न केले त्याने ‘विशेष’ हे विशेषण काढून तिथे ते क्रमांक छापावेत. चमकोगिरीचा आरोप तिथल्या तिथे गळून पडेल. एकाच रस्त्यासाठी तीन पक्षांचे तीन फलक लागतात तेव्हा तिघांचे क्रमांक शेजारी ठेवून कोणीही निवाडा करू शकेल. आज तो करता येत नाही, कारण तिघांकडेही फक्त चेहरा आहे.

कायद्याने यात काही केलं नाही असं नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा अधिनियम १९९५ चा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. फलक उतरतात, पुन्हा चढतात. दोन हजारांच्या दंडाने कोणाची झोप उडत नाही. पण मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे: कायदा फलक परवानगीचा आहे की विनापरवाना, एवढंच पाहतो. रीतसर शुल्क भरून, परवाना क्रमांक छापून, नेमून दिलेल्या जागेवर लावलेला फलकही अस्सल चमकोगिरी असू शकतो. बेकायदा आणि चमको या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला दंड नाही, फक्त शब्द आहे. म्हणून तर तो शब्द धारदार ठेवायला हवा.

सरकारी पैशाच्या बाबतीत न्यायालय एक पाऊल पुढे गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचा फोटो नको, असा निकाल दिला. राज्यं आणि केंद्र फेरविचारासाठी गेली, आणि १८ मार्च २०१६ ला राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही मुभा मिळाली. दहा महिन्यांत तीन चेहऱ्यांची रांग पुन्हा भरली. त्या निकालामागचा विचार मात्र आपल्या या शब्दाच्या जवळचा होता: जनतेच्या पैशाने दिलेली माहिती ही कोणा एकाची प्रतिमा उजळण्यासाठी नसावी.

उलट उदाहरणही सरकारी कागदातच आहे. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कामाच्या जागी दगडाची किंवा धातूची कायमस्वरूपी पाटी लावायची असते आणि तीवर योजनेचं नाव, खर्च, काम कधी सुरू झालं, कधी पूर्ण झालं, उद्घाटन कधी झालं, हे लिहायचं असतं. म्हणजे ‘आम्ही हे केलं’ असं सांगणं निषिद्ध नाही, काही ठिकाणी ते बंधनकारकच आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ तर सार्वजनिक प्राधिकरणांना कोणी न मागता माहिती जाहीर करायला सांगतं. सांगणं हा दोष असता तर हे कलम लिहिलंच गेलं नसतं.

इथे या शब्दाच्या गैरवापराकडे यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या दारात निधी किती आला, किती खर्च झाला, किती शिल्लक आहे याचा फळा लिहिणाऱ्या सरपंचबाईंना ‘नुसती चमकोगिरी’ म्हणणारे बहुधा असतात ते त्या फळ्याने अडचणीत येणारे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण तिथे आलेल्या बाईने माइक हातात घेतला, फोटोत मधोमध उभी राहिली, की हा शब्द पुरुषांपेक्षा लवकर तिच्या वाट्याला येतो. बाई मागच्या रांगेत आणि तिचा नवरा किंवा दीर मधोमध, हे दृश्य मात्र कोणाला चमकोगिरी वाटत नाही. व्याख्येला धरून पाहिलं तर पद तिचं, जबाबदारी तिची, सही तिची, आणि चौकटीत दुसराच. चमको तो आहे.

स्पर्धा परीक्षेतून फौजदार झालेल्या पोराचा गावच्या वेशीवरचा फलकही असाच बदनाम होतो. शहरात बसून त्याची थट्टा करणं सोपं आहे. पण अभ्यास त्याचा, निकाल त्याचा, आणि फलक बहुतेक वेळा मित्रांनी वर्गणी काढून लावलेला. तो बेकायदा असेल, रस्त्याला अडथळा होत असेल, तर उतरवा. पण शब्द वेगळा वापरा. दुसऱ्यांनी केलेल्या कौतुकाला चमकोगिरी म्हणत नाहीत. तीच गोष्ट आपला माल, आपली कला, आपली शिकवणी लोकांपर्यंत नेणाऱ्या छोट्या उद्योजकांची. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, असं आपणच म्हणायचं आणि कोणी बोलू लागला की त्याला चमको ठरवायचं, हे जमत नाही.

आणि जरा आरसा या शब्दाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांसमोरही धरावा. फ्लेक्सवाल्यांना हसणारा सुशिक्षित वर्ग स्वतः काय करतो? पुस्तक प्रकाशनाला व्यासपीठावर चौदा जण आणि समोर खुर्च्या रिकाम्या. लेखकाला बोलायला शेवटची सात मिनिटं, तोवर चहा आलेला. ‘प्रवेश शुल्क’ भरून मिळणारे जीवनगौरव. लिंक्डइनवर ‘अत्यंत नम्रपणे कळवताना आनंद होतो’ अशी सुरुवात करून, बारा जणांच्या चमूने दीड वर्ष केलेल्या कामाचं पारितोषिक एकट्याच्या हातात असलेला फोटो. फ्लेक्सवरच्या माणसाने निदान नम्रतेचा आव आणलेला नसतो. हे सगळं चमकोगिरीच्या व्याख्येत अगदी चपखल बसतं, पण त्याला आपण ‘पर्सनल ब्रँडिंग’ म्हणतो. शब्द वर्गाप्रमाणे बदलणार असेल तर तो टीकेचा शब्द राहत नाही, खालच्या पायरीवरच्याला हिणवण्याचा शब्द होतो. ही त्याच्यावरची सर्वांत रास्त तक्रार आहे, आणि तिचं उत्तर शब्द टाकून देण्यात नाही, सगळ्यांना सारखा लावण्यात आहे.

राजकारणात काम करणारे एक बाजू मांडतात, तीही ऐकण्यासारखी आहे. दिसलं नाही तर तिकीट मिळत नाही. पक्ष सर्वेक्षणात ‘नाव माहीत आहे का’ असं विचारतो, ‘जावक क्रमांक किती’ असं विचारत नाही. पहिल्यांदा निवडणूक लढवणाऱ्याकडे घराणं नसतं, कारखाना नसतो, शिक्षणसंस्था नसते. फ्लेक्स हा त्याला परवडणारा एकच मार्ग असतो. प्रस्थापिताला चौकात लटकावं लागत नाही, कारण बँकेवर, संस्थेवर, पतपेढीवर आधीच त्याचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव कोरलेलं असतं. यात तथ्य आहे. समर्थांनी मूर्खांच्या लक्षणांत स्वतःची स्तुती करणाऱ्याबरोबर वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही बसवलं आहे, हे प्रस्थापितांनी लक्षात ठेवावं. पण म्हणून नव्याने येणाऱ्याने दुसऱ्याच्या कामावर चेहरा लावावा असं ठरत नाही. ‘मी उमेदवारीसाठी इच्छुक आहे’ असा फलक त्याने जरूर लावावा. तो आगाऊपणा असेल, महत्त्वाकांक्षा असेल, चमकोगिरी नव्हे. सरकारी दवाखान्यातल्या लसीकरणाचं ‘आयोजक’ म्हणून स्वतःचं नाव लावलं की झाली.

सीमा कधी ओलांडली जाते, हे लोकांना नेमकं कळतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागात पूरग्रस्तांना द्यायच्या सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छबी असलेले स्टिकर दिसले आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. एरवी फ्लेक्स पाहून खांदे उडवणारी माणसंही चिडली. धान्य सरकारी, भूक पूरग्रस्ताची, आणि चेहरा तिसऱ्याचाच: एकाच पाकिटात सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या. त्यावर ‘बढाई’ हा शब्द कोणालाही पुरला नसता. कोणी काही बढाई मारलीच नव्हती. स्टिकर मुका होता.

म्हणून कोशकारांनी या शब्दाला आता ‘ग्राम्य’ किंवा ‘बोली’ अशी खूण करून कोपऱ्यात बसवू नये. मोल्सवर्थने १८३१ साली कोश काढला तेव्हा लोकांच्या तोंडचे शब्द सोवळ्यातून बाहेर काढले, आणि दाते-कर्व्यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या सात खंडांतही बोलीला जागा मिळाली. ती परंपरा आपली आहे. नोंद अशी करता येईल: चमकोगिरी, स्त्री., दुसऱ्याचं काम, सार्वजनिक पैसा किंवा दुसऱ्याचा प्रसंग वापरून स्वतःची छबी योजनापूर्वक पुढे करणं; क्रियापद करणे, चालणे, खपवून घेणे. आणि पुढे तुलना म्हणून शायनिंग मारणे, तीत मात्र दुसऱ्याचं काही वापरलं जात नाही. कपडे, दुचाकी, गॉगल, सगळं आपलंच असतं किंवा फार तर भावाचं. सरकारी पत्रात किंवा न्यायालयीन अर्जात हा शब्द घालू नये. तिथे ‘सार्वजनिक निधीतून वैयक्तिक प्रसिद्धी’ असं लिहावं, म्हणजे समोरच्याला उत्तर तरी द्यावं लागेल.

वृत्तपत्रांची जबाबदारी यात सर्वांत मोठी, कारण चमकोगिरीवर अग्रलेख पहिल्या पानांत आणि चमकोंचे फोटो जिल्हा पुरवणीत, असा त्यांचा दुहेरी संसार आहे. ‘छायाचित्रात डावीकडून’ या तीन इंचांच्या ओळीसाठी किती फळवाटपं होतात, हे उपसंपादकांना चांगलं ठाऊक असतं. वार्ताहराने प्रसिद्धीपत्रक हातात आल्यावर पैसा कुठल्या खात्याचा, काम प्रत्यक्ष कोणी केलं, आणि लाभार्थ्याने फोटोला होकार दिला होता का, एवढं फोनवर विचारावं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बातमीत घालावीत. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘विचारलं नाही’ असं आलं, तर बातमी चार ओळींत छापावी आणि फोटो परत पाठवावा. अवतरणचिन्हांतल्या ‘चमकोगिरी’बद्दल मग वेगळा मथळा करावा लागणार नाही. आणि केलाच, तर चिन्हं काढून करावा.